जवस औषध म्हणून घेताय? कोकणातल्या दमट हवेत तो आणायचा, भाजायचा, ठेवायचा आणि खायचा कसा

जवस, म्हणजे आपल्याकडे दुकानात अळशी म्हणून पण मागतात तो, आता कणकवली-कुडाळपासून चिपळूण-महाडपर्यंत सगळीकडे मिळतो आणि बद्धकोष्ठता, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर असं काय काय धरून घरोघरी सुरू झालाय. सुरू होतो, महिनाभर चालतो आणि मग "माका काय फरक पडूक नाय" म्हणून डबा मागच्या फळीवर जातो. कसा घेत होता विचारलं की उत्तरं तीच तीच येतात. कोणी आख्खे दाणे पाण्याबरोबर गिळत असतं, कोणी जून महिन्यात अर्धा किलो एकदम दळून ठेवलेलं असतं, कोणी सकाळच्या सगळ्या गोळ्यांबरोबरच चमचा तोंडात टाकून अर्धा कप चहा पितं. यात जवसाची काही चूक नाही, क्रम चुकतोय.

दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की पुढचं सगळं आपोआप कळतं. एक, जवसात जवळजवळ ४० टक्के तेल असतं आणि ते तेल हवा, उजेड, उष्णता लागली की फार लवकर खवट होतं. दोन, दाण्याच्या सालीत चिकट द्रव्य असतं जे पाणी ओढून फुगतं. पहिल्या गोष्टीमुळे भाजणं-दळणं-ठेवणं नीट करावं लागतं, दुसरीमुळे पाणी जास्त प्यावं लागतं आणि गोळ्यांपासून अंतर ठेवावं लागतं.

## १. डबा उघडण्याआधी: तुम्हाला चालणार का ते बघा

हे पहिल्यांदा, विकत आणण्याच्याही आधी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून काढा, आणि खालच्यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

- रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची अ‍ॅस्पिरिन
- इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या, कारण जवसाने शुगर थोडी खाली येऊ शकते आणि वर गोळीचा डोस तोच राहिला तर एकदम उतरू शकते
- बीपीच्या गोळ्या, कारण तेच
- किडनी किंवा हृदयाचा आजार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय
- आतड्याला कधी अडथळा आला होता, आतडं अरुंद आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय, किंवा घास गिळायला त्रास होतो
- गरोदर आहात किंवा बाळ अंगावर पितंय
- स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा असा हार्मोनशी संबंध असलेला आजार आहे किंवा होऊन गेलाय, कारण जवसात इस्ट्रोजेनसारखं थोडंसं काम करणारे लिग्नन असतात

यातल्या पाणी मोजून पिणाऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे कोणाच्या लक्षातच येत नाही. जवस घ्यायचा म्हणजे पाणी वाढवायचंच, आणि या माणसांना पाणी वाढवायला बंदी. मग पाण्याशिवाय घेतला तर पोट साफ व्हायचं राहिलं, उलट गच्च होतं. घरातल्या आजी-आजोबांना सुनेने प्रेमाने चमचा द्यायला सुरवात केली आणि त्यांच्या पाण्याच्या हिशोबाचं कोणी बघितलंच नाही, असं अगदी सहज होऊ शकतं. आधी विचारा.

खबरदारी: लहान मुलांना औषध म्हणून घरच्या घरी सुरू करू नका.

## २. विकत घेताना

जवस हे रब्बीचं पीक, आपल्या राज्यात मुख्यतः विदर्भात होतं, कोकणात नाही. म्हणजे आपल्या दुकानात येईपर्यंत माल बराच फिरलेला असतो, आणि पोत्याचं तोंड उघडं ठेवून पावसाळाभर तो दुकानात बसला असेल तर त्याने आपल्याकडची हवा पोटभर खाल्लेली असते.

घेताना मूठभर हातात घ्या. दाणा चपटा, तपकिरी, चकचकीत पाहिजे आणि बोटातून सुळकन निसटला पाहिजे. एकमेकांना चिकटलेले दाणे, पांढरट पावडर, जाळी असली तर ठेवून द्या. मग दोन-चार दाणे दाताखाली फोडा. चांगला जवस थोडा शेंगदाण्या-अक्रोडाकडे झुकणारा लागतो. कडू लागला, जिभेवर चरचरला किंवा नवीन ऑइलपेंट मारलेल्या दरवाज्यासारखा वास आला तर तो खवट आहे (पेंटमधे हेच तेल वापरतात, म्हणून तो वास). दुकानदार "जवस असाच लागतो" म्हणेल, तसं नाही.

तयार पावडर घेऊ नका. ती कधी दळली ते आपल्याला माहीत नसतं.

किती घ्यायचा? पाव किलो. दोन माणसांनी रोज एक-एक टेबलस्पून घेतला तरी तेवढा दोन आठवडे तरी जातो, सुरवातीला चमचा लहान असतो तेव्हा तर जास्तच. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी करायची सवय असते, मे महिन्यात तांदूळ, कुळीथ, मिरची, मीठ भरून ठेवतो तसा जवस पण दोन किलो भरला जातो. तांदळाला ते चालतं, जवसाला नाही. फारच आडवाटेला राहत असाल, पावसात बाजारात जाणं जमत नसेल, तर मे महिन्यातच अर्धा किलो आणून खालच्या पद्धतीने वाळवून-भाजून आख्खाच बाटलीत भरा, दळू नका.

## ३. साफ करायचा, पण धुवायचा नाही

तांदळासारखा जवस धुवायला जाणारे बरेच आहेत. नका धुऊ. एकदा करून बघा म्हणजे पटेल: वाटीत चमचाभर दाणे घ्या, पाणी ओता, वीसेक मिनिटांनी बोट घाला. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरलेलं असतं, आणि दाणे बोटाला चिकटून तारा काढत वर येतात. हे असं पाच मूठ जवसाचं झालं की ते वाळणार कसं? कोकणात तर नाहीच, बुरशी धरेल.

म्हणून सुपात पाखडा, बारीक चाळणीने माती पाडा, खडे आणि दुसऱ्या बिया निवडा, आणि मग कोरड्या सुती कपड्यात घेऊन हलक्या हाताने चोळा. धूळ कपड्याला लागते. एवढं बस होतं.

## ४. वाळवणं आणि भाजणं

इथे सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून जरा बैजवार.

आधी वाळवणं. एप्रिल-मे असेल तर अंगणात कोकमं वाळतात त्याच उन्हात दोन तास पातळ पसरवा, पण सकाळचं ऊन, आणि दोन तासांच्या वर नको, कारण ऊन आणि उजेड तेलाला चांगला नाही. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, तेव्हा वाळवणं सोडून सरळ मंद आचेवर जास्त वेळ भाजा.

भाजण्यासाठी जाड बुडाची कढई. आधी रिकामी कढई गरम करून घ्या म्हणजे तिला लागलेली ओल जाते. मग गॅस बारीक करून जवस टाका, एका वेळी वाटीभरच, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर. सतत हलवत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, तिथेच माणसं कंटाळून गॅस वाढवतात. वाढवू नका. मग एखाद-दुसरा दाणा टक्‌ करतो, हळूहळू तडतड वाढते, दाणे उड्या मारायला लागतात, छान खमंग वास सुटतो. तडतड भरात आली की गॅस बंद. साधारण पाच ते सात मिनिटं लागतात, पावसात थोडी जास्त. रंग फक्त एक छटा गडद व्हायला हवा. काळपट झाला, धूर आला तर ती घाणी गेलीच समजा, औषध म्हणून ती वापरू नका.

गॅस बंद केल्यावर कढईतच ठेवू नका, लोखंडी किंवा बिडाची कढई नंतर पण भाजत राहते. लगेच परातीत पसरवा.

भाजायचं कारण फक्त चव नाही. ओल जाते म्हणून टिकतो, दळायला सोपा जातो, आणि कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे थोडे घटक असतात ते उष्णतेने कमी होतात. रोज एक-दोन चमचे खाणाऱ्या मोठ्या माणसाला त्याने घाबरायचं कारण नाही, पण कच्चा दळून मूठ-मूठ खाणं हा शहाणपणा नाही.

खबरदारी: बाजूच्या शेगडीवर पेज किंवा भात उकळत असताना जवस भाजू नका, थंड करायला पण तिथे ठेवू नका. सगळी वाफ त्यात बसते. पंख्याखाली, दुसऱ्या खोलीत ठेवा.

तपासा: पूर्ण गार झाल्यावर दाणा दोन नखांमधे दाबा. कुटकन तुटला तर बरोबर. वाकला, दबला तर अजून ओल आहे, परत दोन मिनिटं मंद आचेवर.

## ५. दळणं: थोडं आणि थांबून थांबून

आख्खा दाणा बहुतेक वेळा जसा गेला तसाच बाहेर पडतो. साल इतकी टणक आणि गुळगुळीत असते की दातातून पण निसटते. पोटाला थोडा रेशा (फायबर) मिळेल, पण आतलं ओमेगा-३ (तेलातला उपयोगी भाग) आणि लिग्नन मिळायचे तर फोडायलाच हवा.

पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका, कोमट दळला की भांड्यातच वाफ धरते आणि गुठळ्या होतात. छोटं, कोरडं भांडं घ्या, त्यात सकाळची ओली चटणी वाटलेली असेल तर पुसून चालणार नाही, नीट सुकू दे. मिक्सर तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने कडा सोडवा, परत फिरवा. असं चार-पाच वेळा. एका दमात मिनिटभर फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि खाली लगदा बसतो. बारीक रव्याइतकं झालं की थांबा, मैद्यासारखं करायची गरज नाही.

एका वेळी घरातल्या माणसांना आठवडाभर पुरेल एवढंच दळा. बाकीचा आख्खाच राहू दे, दाण्याची साल हेच त्याचं सगळ्यात चांगलं झाकण आहे.

## ६. ठेवणं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी असते की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. तिथे जवसाचं पीठ प्लास्टिकच्या डब्यात ओट्यावर ठेवलं तर काय होणार.

- आख्खा भाजलेला: काचेची घट्ट झाकणाची बाटली, अंधाऱ्या कपाटात, शेगडीपासून लांब. कोरड्या दिवसात तीनेक महिने, पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात संपवा.
- दळलेला: लहान काचेची बाटली, फ्रिजमधे, आठवडाभराचा. फ्रिज नसेल तर तीन दिवसांचाच दळा.

फ्रिजमधली एक चूक सांगायलाच हवी. गार बाटली बाहेर काढून ओट्यावर झाकण उघडं ठेवून आपण भाकरी थापत बसतो, तेवढ्यात दमट हवेतलं पाणी आत धरतं. काढा, कोरड्या चमच्याने घ्या, लगेच बंद करून परत आत. आणि पावसात लाइट जाते हे धरूनच चला, एकदा वादळ झालं की गावात दीड-दोन दिवस वीज नसते. अशा वेळी लाइट आल्यावर वास घेतल्याशिवाय वापरू नका.

तपासा: दर वेळी बाटली उघडली की वास. खमंग आहे तर घ्या. पेंटचा, जुन्या तेलाचा, कुबट वास आला, चव कडू लागली, गुठळी ओलसर दिसली, तर टाकून द्या. परत भाजून खवटपणा जात नाही, फक्त वास थोडा दबतो. अमुक रुपयांचा जवस फुकट गेला म्हणून जीव हळहळतो हे खरं आहे, पण तब्येतीसाठी घेतोय तर खराब तेल पोटात घालण्यात काय अर्थ.

## ७. किती घ्यायचा

चमच्यावरून फार गोंधळ होतो, घरात पोह्याचा चमचा वेगळा, चहाचा वेगळा. चहाचा सपाट चमचा भरून दळलेला जवस म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, आणि मोजायचा टेबलस्पून म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास. शक्य असेल तर एकदा वजनकाट्यावर तुमचाच चमचा मोजून ठेवा.

- पहिला आठवडा: चहाचा एक चमचा, दिवसातून एकदा, जेवणाबरोबर
- दुसरा आठवडा: दोन चमचे
- तिसऱ्यापासून: एक टेबलस्पून, आणि बहुतेकांना इथेच थांबलं तरी चालतं

पहिल्या दिवसापासून दोन टेबलस्पून घेतला तर पोट फुगतं, गॅस होतो, मुरडा येतो आणि मग जवस मानवत नाही म्हणून सोडला जातो. क्वचित कोणाला जवसाची अ‍ॅलर्जी पण असते, अंगावर गांध्या, ओठाला सूज, दम असं काही झालं तर परत घेऊ नका आणि दवाखाना गाठा.

हिशोबासाठी, १० ग्रॅम जवसात साधारण २.७ ग्रॅम रेशा, २.३ ग्रॅम वनस्पतीतलं ओमेगा-३ आणि ५३ कॅलरी असतात. म्हणजे वजन कमी करायला मूठभर जवस खाल्ला तर कॅलरी वाढतातच.

## ८. पाणी आणि गोळ्या

एवढं एक कलम तरी नीट वाचा.

दर १० ग्रॅमला कमीत कमी दीडशे मिली पाणी हा हिशोब आहे, मी म्हणेन मोठा ग्लासभर प्या, आणि दिवसभरातलं पाणी पण दोन ग्लासने वाढवा. कोरडी पावडर तोंडात टाकून गिळू नका, घशात चिकटते, ठसका लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या अन्ननळीत अडकू शकते. रात्री आडवं व्हायच्या अगदी आधी पण नको, जेवणाबरोबर घ्या.

गोळ्यांचं असं की जवसाचा चिकटपणा पोटात गोळीभोवती पण धरतो आणि ती रक्तात उतरायला उशीर होतो किंवा कमी उतरते. म्हणून कुठल्याही गोळीत आणि जवसात तास-दीड तासाचं अंतर. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते, ती घेणाऱ्यांनी जवस सकाळी नकोच, दुपारच्या जेवणात घ्या. कॅल्शियम, लोह यांच्या गोळ्या पण वेगळ्या वेळी.

## ९. कशातून खायचा

कोकणातल्या जेवणात तो सहज बसतो, फक्त कशात बसतो आणि कशात नाही ते बघा.

पेज: ताटात वाढून थोडी निवली की वरून चमचाभर घालून ढवळा. सकाळच्या मऊ पेजेत कळतही नाही, आणि पाणी आपोआप जातं, म्हणून मला हा प्रकार सगळ्यात चांगला वाटतो, म्हाताऱ्या माणसांना तर खास.

तांदळाची भाकरी: एक वाटी पिठाला एक टेबलस्पून. पाणी थोडं जास्त लागतं, उकड काढूनच मळा. रंग थोडा काळपट येतो. भाजल्यामुळे ओमेगा-३ फारसं जात नाही.

घावणे: पीठ कालवून झाल्यावर अगदी शेवटी घाला. आधी घातलं तर मिश्रण दाट होतं आणि घावणा जाळीदार सुटत नाही. सोलकढीत घालू नका, तार धरते.

चटणी: एक वाटी भाजलेला जवस, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, सुक्या मिरच्या, दोन आमसुलं, मीठ. लसूण मिक्सरला लावण्याआधी तव्यावर कोरडी परतून घ्या, ओली लसूण घातली की चटणी दोन दिवसात वास मारते. खोबऱ्याचं तेल पण असतं, तेव्हा फ्रिजमधेच ठेवा.

खबरदारी: बीपीसाठी जवस घेणारी माणसं चटणीत चांगलं झणझणीत मीठ घालतात, वर लोणचं, पापड, सुका बांगडा. जवसाने जे मिळवलं ते मिठाने गेलं. चटणी अळणीच वाटली पाहिजे एवढं कमी मीठ.

माशांबद्दल पण विचारतात. जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ वेगळं, जवसातलं शरीराला बदलून घ्यावं लागतं आणि ते फारच थोडं बदलतं. बांगडा, तारली यात ते तयार असतं. तेव्हा मासे खाणाऱ्याने जवस सुरू केला म्हणून तारली सोडू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पुढे श्रावण, त्या दिवसात जवसाचा थोडा आधार आहे, आणि शाकाहारी माणसाला तर वर्षभर.

## १०. कुठल्या तक्रारीला कसा

बद्धकोष्ठता. इथे जवस खरंच उपयोगी पडतो. जेवणाबरोबर एक टेबलस्पून आणि मोठा ग्लासभर पाणी, गरज पडली तर हळूहळू दिवसातून दोनदा. पहिल्याच सकाळी फरक दिसणार नाही, दोन-तीन दिवस द्या. आठवडाभर नीट पाणी पिऊन पण काही नाही, तर डोस वाढवत बसू नका. शौचातून रक्त, वजन उतरणं, उलट्या, पोट ताठ होऊन गॅस पण न सुटणं, यात जवस बंद आणि डॉक्टर.

कोलेस्टेरॉल आणि शुगर. फरक पडतो पण थोडा, आणि दळलेला रोज दोन-तीन महिने घेतल्यावर. तोवर भात ताटभर तोच राहिला तर शुगरला काही कळणार नाही. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही.

बीपी. कॅनडात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१३ ला छापून आला, त्यात रोज ३० ग्रॅम दळलेला जवस सहा महिने घेणाऱ्यांचं वरचं बीपी न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १० ने आणि खालचं ७ ने कमी भरलं. आकडा चांगला आहे. पण ३० ग्रॅम म्हणजे चार टेबलस्पून, ते पण डॉक्टरांच्या नजरेखाली. एवढा डोस ऐकून घरी सुरू करू नका, आणि एक टेबलस्पूनमधून तेवढाच फरक येईल अशी अपेक्षा पण नको.

पाळी जाताना अंगाची लाही होणं. यासाठी बरेच जण सुचवतात, पण प्लासिबोशी (म्हणजे औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोष्टीशी) तुलना केली तेव्हा जवसाने ठळक फरक दिसला नाही. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, नुसत्या जवसावर महिने काढू नका.

कोरडा खोकला, घसा खवखवणं. चमचाभर आख्खा जवस दीड कप पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, गरम असतानाच गाळा, गार झाला की गाळणीतून उतरत नाही. थोडी खडीसाखर घालून घोट-घोट. घशाला तेवढ्यापुरता ओलावा मिळतो. ताप, दम, किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तपासून घ्या.

गळवावर पोटीस. जुनी माणसं करतात तेच. दोन-तीन चमचे पीठ पाण्यात शिजवून दाट लगदा करा, स्वच्छ सुती कपड्याच्या दोन पदरांमधे पसरवा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवलं तरच दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वापरलेला लगदा परत गरम करून वापरायचा नाही. नाका-ओठाजवळच्या गळवावर, फुटलेल्या जखमेवर आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायावर अजिबात नाही, त्यांना भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

## ११. तेल घेणार असाल तर

तेलात रेशा नाही, त्यामुळे पोट साफ व्हायला तेलाचा तसा उपयोग नाही. घ्यायचंच तर खायचं म्हणून लेबल असलेलं, घाण्याचं, गडद रंगाची लहान बाटली, फ्रिजमधे, दिवसाला चहाचा एक चमचा, निवलेल्या भातावर किंवा पेजेत. फोडणीला नाही, ते कमी आचेलाच जळतं.

मोठी खबरदारी: हार्डवेअरच्या, पेंटच्या दुकानात मिळणारं अळशीचं तेल खायचं नसतं. ते लाकडाला, होडीला, क्रिकेटच्या बॅटला लावायचं. "बॉइल्ड" म्हणून जे येतं त्यात लवकर सुकायला धातूंचे क्षार घातलेले असतात. नाव एकच असल्यामुळे कोणीतरी बाजारातून तेच घेऊन येतो. घरात सुताराने आणलेली बाटली असेल तर तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. त्या तेलाने भिजलेले कापडाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, मोकळे पसरून वाळवा.

## १२. तीन महिन्यांनी

सुरू करायच्या आधीचा लिपिड (कोलेस्टेरॉलचा) रिपोर्ट, शुगरचा रिपोर्ट असेल तर जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी शक्यतो त्याच लॅबमधे परत करा. बीपी घरी मोजत असाल तर रोज एकाच वेळेला, पाच मिनिटं शांत बसून, आणि वहीत लिहा. शुगरवाल्यांनी सुरवातीचे दोन-तीन आठवडे जरा जास्त वेळा मोजा, घाम, थरथर, एकदम भूक असं वाटलं तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना कळवा.

ऑपरेशन ठरलं, दात काढायचा असला तरी "मी जवस घेतो" हे आधी सांगा, डॉक्टर काही दिवस बंद करायला सांगू शकतात. आणि नवीन गोळी सुरू झाली की पहिल्या कलमातला कागद परत काढून त्यात ती लिहा, अंतर कसं बसवायचं ते परत बघा.